मायावी नगरीच्या तीन किल्ल्या

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. साल 1995, रविवारची सकाळ. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य होऊन हे शहर राजधानी व्हायला अजून पाच वर्षे अवकाश होता. स्वयंपाकघरातून पोह्यांच्या फोडणीचा वास येतो आहे आणि दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू आहे. देवकीनंदन खत्रींच्या कादंबरीवरून घेतलेली ही मालिका 1994 मध्ये सुरू झाली होती. वेश पालटणारे अय्यार, भुयारे, गुप्त दरवाजे आणि कुणालाही सहजासहजी न उघडणारे तिलिस्म! आजी, आई आणि मुले एकाच सतरंजीवर बसून डोळे विस्फारून पाहत आहेत. ही जादू पाहून आजी बिघडेल, अशी काळजी कुणालाच वाटत नाही.

मालिका संपते. सातवी-आठवीतला मुलगा उठतो आणि वडिलांनी हिशेबाच्या कामासाठी आणलेल्या संगणकापुढे जाऊन बसतो. पडद्यावर पुन्हा तेच, अंधारे बोळ, बंद दरवाजे, अंगावर येणारी भुते. फरक इतकाच की आता अय्यार तो स्वतः आहे.

''किती वेळ रे अजून?'' आई आतून विचारते.

''फक्त एक किल्ली राहिली न, आई!''

''कपाटाची किल्ली दोन दिवस सापडत नाहीये, ती काही शोधून देत नाहीस!''

असे संवाद त्या काळात ज्या घरात संगणक आला त्या बहुतेक घरांत झडले असतील. आईच्या दृष्टीने तो नुसता धडाधड मारामारीचा खेळ. मुलगा तिथे नेमके काय करत होता, हे मात्र फार थोड्या आयांनी खुर्ची ओढून पाहिले.

जादूगाराचा हात

खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून सारे जग दिसते आणि समोर फक्त त्याचे शस्त्र किंवा हात दिसतो, अशा नेमबाजीच्या खेळांची आठवण निघाली की 'डूम'चे नाव हटकून येते. तो 10 डिसेंबर 1993 रोजी आला. पण त्याच्याही दोन वर्षे आधी, नोव्हेंबर 1991 मध्ये, अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या चमूने सॉफ्टडिस्क या कंपनीसाठी 'कॅटाकोम्ब थ्री-डी' तयार केला होता. त्यात बंदूक नव्हतीच. पडद्याच्या तळाशी दिसे तो एका जादूगाराचा हात. त्या हातातून आगीचे गोळे सुटत. मित्राला सोडवण्यासाठी हा जादूगार तळघरांत उतरतो, किल्ल्या शोधतो, भिंती फोडून वाट काढतो. सारे चित्र अवघ्या सोळा रंगांत. म्हणजे या कुळातली जादूची शाखा बंदुकांच्या शाखेहून धाकटी नव्हे.

तिला खरा बहर आला तो 'हेरेटिक'मुळे. 23 डिसेंबर 1994 रोजी हा खेळ बाहेर पडला. विस्कॉन्सिन राज्यातल्या रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीने तो बनवला आणि आयडी सॉफ्टवेअरने प्रकाशित केला. ब्रायन आणि स्टीव्ह रॅफेल या दोन भावांनी 1990 मध्ये ही कंपनी काढली होती. त्यांनी 'डूम'ची आतली यंत्रणा घेतली आणि तिच्यावर नवी दुनिया उभारली. 386 प्रोसेसर आणि चार मेगाबाइट स्मृती एवढ्या भांडवलावर ती चाले.

'हेरेटिक' म्हणजे पाखंडी. तीन सर्पस्वारांनी राजांना भुरळ घालून त्यांच्या फौजा ताब्यात घेतल्या. सिधे नावाच्या यक्षांसारख्या जमातीने मात्र मान तुकवली नाही, म्हणून ती पाखंडी ठरली. त्या जमातीतला कॉर्व्हस एकटाच सूड घ्यायला निघतो. पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन रंगांच्या किल्ल्या, त्यांच्या रंगांचे दरवाजे आणि शेवटी डिस्पॅरिल नावाचा सर्पस्वार, असा हा प्रवास. प्रत्येक पातळीत तिन्ही किल्ल्या असतीलच असे नाही, पण बंद दरवाजा पाहिला की रंग ध्यानात ठेवायचा आणि आल्या वाटेने परत फिरायचे, हे ठरलेले. नकाशा डोक्यात पक्का बसल्याशिवाय नुसत्या नेमबाजीने इथे फार काही साधत नाही.

या दुनियेची करामतही गमतीची. समोरची भुते खरी घडीव नसत, ती सपाट चित्रे असत. चारी बाजूंनी दिसावीत म्हणून आठ दिशांनी काढलेली. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली या यंत्रणेत बांधताच येत नसे. तरीही रेव्हनने खेळाडूला मान वर-खाली करून पाहण्याची सोय दिली, पंख देऊन उडवले, बर्फावरून घसरवले. कुठून तरी येणारे हुंकार आणि पावलांचे आवाज अशा बेताने पेरले की रिकाम्या दालनातही मागे वळून पाहावे. जत्रेतला पडदा कापडाचाच असतो, हे ठाऊक असून आपण पाहतोच की!

साठवले ते उरले नाही

'डूम'मध्ये औषध सापडले की ते तिथल्या तिथे लागू पडे. 'हेरेटिक'ने खेळाडूच्या हाती झोळी दिली. पंचवीस गुणांची ताकद देणारी स्फटिकाची कुपी आता बरोबर नेता येऊ लागली. झोळीत अजब वस्तू असत. एक अंडे असे की ते फेकले की अंगावर येणाऱ्या राक्षसाची काही वेळापुरती कोंबडी होई. एक ग्रंथ असा की तो वापरताच हातातले शस्त्र चाळीस सेकंद दुप्पट जोमाचे होई, साध्या काठीचेही तेज वाढे. एक यंत्र असे की संकटात सापडलेल्याला ते उचलून पातळीच्या आरंभी नेऊन ठेवी.

मग मुलगा काय करतो? तो साठवतो. मराठी घरातच वाढलेला तो! चांगली चादर पाहुण्यांसाठी, काजू दिवाळीसाठी, तशा कुप्या मोठ्या राक्षसासाठी. प्रत्येक वस्तू सोळापर्यंत साठवता येते. मार खात, जीव मुठीत धरून तो पातळी संपवतो, झोळी भरलेली पाहून समाधान पावतो आणि पुढच्या पातळीत पाऊल टाकतो. पाहतो तर प्रत्येक वस्तूचा एकच नग शिल्लक! बाकीचे सारे गडप.

हा खेळाचा नियमच आहे. पातळी ओलांडताना प्रत्येक प्रकारातली एकच वस्तू बरोबर येते. पहिल्यांदा हे कळते तेव्हा मुलगा हळहळतो. दुसऱ्यांदा तो विचार करू लागतो. ही कुपी आत्ता वापरावी की पुढच्या वळणावर? ग्रंथाचे चाळीस सेकंद नेमके कुणावर खर्चावेत? उधळपट्टी केली तर शेवटच्या दालनात हात रिकामे, आणि कंजूषपणा केला तर दारातच सारे बुडाले. जपणे आणि वापरणे यांतला हा तोल त्याची आई महिन्याच्या वीस तारखेनंतर रोज सांभाळत असते. तिने एकदा शेजारी बसून पाहिले असते, तर तिला तो खेळ परका वाटला नसता.

उसनी युक्ती

आणखी एक गंमत होती. 'डूम' खेळून तयार झालेल्या मुलांना त्यातले गुप्त शब्द पाठ असत. पाच अक्षरे टाइप केली की खेळाडू अमर, दुसरी पाच अक्षरे टाइप केली की सगळी शस्त्रे आणि किल्ल्या हातात. एकाकडून दुसऱ्याकडे हे शब्द परीक्षेतल्या महत्त्वाच्या प्रश्नांसारखे फिरत. 'हेरेटिक'ची यंत्रणा 'डूम'चीच म्हटल्यावर मुलांनी तीच अक्षरे इथे टाइप केली. अमर करणाऱ्या शब्दाने खेळाडू जागच्या जागी मेला! शस्त्रे देणाऱ्या शब्दाने हातात होती तीही गेली, उरली फक्त काठी. वर पडद्यावर लबाडीबद्दलचा टोमणा. या खेळाचे स्वतःचे गुप्त शब्द होतेच, पण दुसऱ्याच्या घरातली युक्ती इथे चालणार नाही, असे रचनाकारांनी हसत हसत बजावले होते.

याचा अर्थ 'हेरेटिक' म्हणजे संस्कारवर्ग, असे मुळीच नाही. त्यात रक्त उडते, राक्षसांच्या चिंधड्या होतात. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. अशा खेळांतल्या हिंसेवर अमेरिकेच्या सिनेटमध्ये 1993 च्या डिसेंबरात सुनावणी झाली आणि 1994 मध्ये तिथे खेळांना वयानुसार श्रेणी देणारे मंडळ स्थापन झाले. त्या चिंतेत तथ्य होते. पण डब्यावरची श्रेणी वाचून आई-वडिलांचे काम संपत नाही. मूल आत काय करते आहे, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. 'चंद्रकांता'ची जादू घराला झेपली ती सगळ्यांनी मिळून पाहिल्यामुळे. भीती वाटली तर आजीचा पदर जवळ होता आणि हसू आले तर सोबत हसायला माणसे होती. संगणकापुढची खुर्ची मात्र एकच असे.

दुसरी खुर्ची

1999 मध्ये 'हेरेटिक'चा मूळ प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला करण्यात आला, त्यामुळे हौशी लोकांनी तो नव्या यंत्रांवर जिवंत ठेवला. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो आणि त्याचा 1995 चा उत्तराधिकारी 'हेक्सेन' एकत्र, नव्या रूपात पुन्हा बाजारात आले. तात्यापाऱ्यातला तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याची मोठी झालेली लेक कॉलेजला जात असेल. जुना खेळ पुन्हा आल्याचे पाहून तो एखाद्या रविवारी तो सुरू करतो.

''बाबा, इतकी बारीक बारीक चौकोनांची चित्रं? आणि तुम्हाला याची भीती वाटायची?'' लेक हसते. पण पाच मिनिटांत ती त्याच्या हातून खेळ काढून घेते. आता तो खुर्ची ओढून शेजारी बसतो. तिच्या झोळीत कुप्या साठत जातात. पातळी संपत आली की त्या दारातच बुडणार, हे त्याला ठाऊक आहे. सांगावे की न सांगावे? तो ओठ मिटून गप्प राहतो. एक झटका तिने स्वतः खाल्लेला बरा.

तेवढ्यात मागून चपलांचा आवाज येतो. त्याची आई, आता आजी झालेली, चहाचा कप घेऊन उभी असते. चष्मा सावरत ती थोडा वेळ पडद्याकडे पाहते आणि तीस वर्षांत कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारते,

''कोणत्या रंगाची किल्ली राहिली ग?''

''हिरवी, आजी.''

''मग तो मघाचा हिरवा दरवाजा डावीकडे राहिला न,'' आजी म्हणते आणि तिसरी खुर्ची ओढते.