उगम एटापल्ली

भारताने गेल्या काही वर्षांत मुक्त व्यापार करारांचा धडाका लावला आहे. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाशी झालेला त्याच वर्षी २९ डिसेंबरपासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या ‘एफ्टा’ गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला, तर ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. याचा लाभ कुणाला, असा विषय निघाला की तिरुपूरचे कपडे, सुरतचे हिरे, नाशिकची द्राक्षे पुढे येतात. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीचे नाव कुणी घेत नाही. वास्तविक सूरजागडचे लोहखनिज याच तालुक्यातून निघते. उन्हाळ्यात इथला तेंदूपत्ता ट्रक भरभरून जातो, शिवाय मोहफुले, चारोळी, हिरडा, डिंक, मध आणि बांबू आहेतच. या करारांतून एटापल्लीच्या पदरात काही पडू शकते, असे आमचे ठाम मत आहे. मात्र आज माल ज्या रूपात तालुक्याबाहेर पडतो, त्या रूपात ते कधीही पडणार नाही.

कारण साधे आहे. करार खरेदीदार देशाचे आयात शुल्क कमी करतो. जिथे शुल्कच नाही, तिथे कमी काय करणार? चीन, जपान यांसारखे मोठे ग्राहक लोहखनिजावर आयात शुल्क घेत नाहीत. उलट ५८ टक्क्यांहून अधिक लोह असलेल्या खनिजावर आपलेच सरकार ३० टक्के निर्यात शुल्क लावते. मे २०२२ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेले होते आणि नोव्हेंबरात पुन्हा खाली आणले. सूरजागडच्या खाणीला वर्षाला ३० लाख टनांऐवजी १ कोटी टन उत्खननाची परवानगी २०२३ मध्ये मिळाली. पण खनिज म्हणून बाहेर जाणाऱ्या एकाही टनाला या करारांनी काही दिलेले नाही. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीसारख्या ठिकाणी त्याचे लोखंड झाले तर मूल्य वाढते, हे खरे. पण युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकार लागू केला आहे. कोळशावर भाजलेल्या स्पंज आयर्नला तो आकार जड जाणार, शुल्क शून्य असले तरीही.

जंगलाच्या मालाचे गणितही याच वळणाचे आहे. लाख आणि डिंक कच्चा असेल तर युरोपीय संघ त्यावर शुल्क घेत नाही. मधावर मात्र १७.३ टक्के घेतो. आरमोरीच्या बाजूला येनाच्या झाडांवर तसरचे किडे वाढवले जातात. त्या कोशावर परदेशात शुल्क नाही, पण तयार कपड्यांवर ब्रिटनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत आहे, आणि करारामुळे ते शून्य होणार आहे. म्हणजे सवलत कोश गोळा करणाऱ्याच्या दारातून जात नाही, ती कापड विणणाऱ्याच्या दारात पोहोचते. गडचिरोलीने कोश विकायचा आणि फरक दुसऱ्या गावाने खायचा, ही वाटणी करारांनी बदललेली नाही. ती अधिक पक्की केली आहे.

आता एटापल्लीच्या बाजूने काय आहे ते पाहू. सवलत मिळवायची तर माल मूळचा भारताचाच आहे, हे सिद्ध करावे लागते. कारखान्याच्या मालाला ही परीक्षा अवघड जाते: आयात केलेले सुटे भाग किती, इथे वाढलेले मूल्य किती टक्के, वर्गवारीचा क्रमांक बदलला की नाही, असा सगळा हिशेब मांडावा लागतो. जंगलात वेचलेल्या मालाला यातले काही लागत नाही. देशाच्या भूमीवर उगवलेला आणि तिथेच गोळा केलेला माल संपूर्णपणे त्या देशाचा, असा नियम जवळपास प्रत्येक करारात आहे. या परीक्षेत मोहफूल जन्मतःच उत्तीर्ण. उरतो तो पुरावा, आणि पुरावा ठेवण्याची सवय या जिल्ह्याला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती आले; त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला. तेंदूच्या फळीवर कुणी किती पुडे आणले याची नोंद होते. कोणत्या जंगलातून, कोणी, कोणत्या तारखेला, हे जगातले चोखंदळ ग्राहक विचारतात आणि त्यासाठी जादा पैसे मोजतात. ही माहिती गावच्या वहीत आहे. ट्रक नागपूर-रायपूरच्या गोदामात रिकामा झाला की ती संपते. चार जिल्ह्यांचा माल एकत्र होतो आणि उगमाचे कागद व्यापाऱ्याच्या नावावर निघतात. ब्रिटन आणि एफ्टाच्या करारांत तर निर्यातदाराने स्वतः उगमाची घोषणा करण्याची मुभा आहे. सोय लहान निर्यातदारासाठी मोठी आहे, पण तो निर्यातदार गावाचा असायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की शुल्क ही किरकोळ अडचण आहे, खरी भिंत दर्जाची आहे. आक्षेप रास्त आहे. १५ मे १९९७ पूर्वी युरोपात फारसा खाल्ला न गेलेला पदार्थ तिथे ‘नवीन खाद्य’ ठरतो आणि त्याला वेगळी परवानगी लागते; परंपरागत पदार्थांसाठी सोपी वाट आहे, पण २५ वर्षांच्या सुरक्षित वापराचा पुरावा मागितला जातो. माडिया गोंडांच्या घरात मोह किती पिढ्या खाल्ला जातो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. ब्रसेल्सला ते कागदावर द्यावे लागते. छत्तीसगडमधील कोरबाच्या जंगलातली सुकवलेली मोहफुले २०२१ मध्ये समुद्रमार्गे फ्रान्सला गेली. सीमेपलीकडच्या शेजाऱ्याला जे जमले, ते भामरागड-एटापल्लीला का जमू नये?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. करार दोन्ही बाजूंनी दार उघडतो, आणि गडचिरोलीने त्याची झळ सोसली आहे. अगरबत्तीच्या काड्या व्हिएतनाम आणि चीनमधून इतक्या येऊ लागल्या की बांबूच्या प्रदेशातला काडीचा धंदा बसला. शेवटी जून २०२० मध्ये केंद्राला शुल्क १० वरून २५ टक्के करावे लागले. म्हणूनच पुढच्या वाटाघाटींत बांबूच्या वस्तूंबाबत वनजिल्ह्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. आणि नुसत्या कराराने काम भागत नाही, हे तेंदूपत्ता सांगतो. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार २००० पासून लागू आहे. तरीही विडीची पाने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून चोरट्या नौकांतून जातात, कारण तिथले कर जबर आहेत.

निर्यातीच्या नादात जंगल ओरबाडले जाईल, मोह घरच्या ताटातून जाईल, ही भीतीही खोटी नाही. तिचे उत्तर मात्र ग्रामसभेच्याच हाती आहे. घरापुरते किती ठेवायचे, झाडाखाली आग लावायची की जाळी बांधायची, हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार तिला आहे. व्यापाऱ्याला तो नाही.

राहतो पैशाचा प्रश्न. एकेका गावाला आयात-निर्यात क्रमांक काढणे, मधातील प्रतिजैविकांच्या अंशांची तपासणी करून घेणे, कंटेनर भरेल इतका एकसारखा माल जमवणे झेपणार नाही. कोरचीत ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली. एटापल्लीत तशा महासंघाची उत्पादक कंपनी हवी आणि आलापल्लीला सुकवणी, प्रतवारी, बाटलीबंद करण्याचे केंद्र व प्रयोगशाळा हवी. त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे हात पसरायला नको. २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. खाणीने बाधित गावांसाठीच हा निधी आहे, आणि सूरजागडचे उत्खनन वाढेल तसा तो वाढणार आहे. त्यातला ठरावीक वाटा प्रतिष्ठानने पुढच्या मोहाच्या हंगामाआधी या केंद्रासाठी मंजूर करावा. नागपूरच्या विदेश व्यापार कार्यालयाने महिन्यातून एकदा अधिकारी तालुक्यात पाठवावा, आणि उगमाच्या घोषणेचा नमुना ग्रामसभांच्या सचिवांना मराठीतून भरायला शिकवावा.