मूठभर कुत्रं, पण टेरियर!

यॉर्कशायर टेरियर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? रेशमी केस, कपाळावर रिबिन आणि कुणाची तरी मांडी. मंडळी, हे चित्रच मला पटत नाही. हे कुत्रं मुळात कामगाराचं आहे!

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर पोटासाठी यॉर्कशायर, लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले. येताना त्यांनी आपले छोटे टेरियरही आणले. गिरण्यांतले उंदीर मारणं हे त्यांचं काम. 'टेरियर' हा शब्दसुद्धा लॅटिन 'टेरा' म्हणजे जमीन, यावरून आलाय. बिळात शिरणारा तो टेरियर. हडर्सफील्ड बेन (१८६५-१८७१) हा आजच्या यॉर्कीचा मूळपुरुष मानतात. १८८६ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली आणि गिरणीतला गडी मडमांच्या दिवाणखान्यात गेला. वंशावळ काढली तर हा आम्हा शिरोली एमआयडीसीवाल्यांच्या भावकीतलाच निघेल!

दुसऱ्या महायुद्धात स्मोकी नावाची यॉर्की होती. वजन जेमतेम पावणेदोन किलो. फिलिपिन्समधल्या धावपट्टीखालच्या ७० फूट लांब, आठ इंची पाइपमधून तिनं टेलिफोनची तार ओढून नेली. एरवी सगळी धावपट्टी खणावी लागली असती. आमच्या मेंटेनन्सवाल्यांना विचारा, या कामाची किंमत काय ते!

आता मुद्द्याचं. माझा पुतण्या म्हणतो, "काका, यॉर्की घेऊया. फ्लॅटमध्ये मावतं, त्रास नाही." मावतं हे खरं, पण अंगात टेरियर आहे. बेल वाजली की भुंकणार, पाल दिसली की झेपावणार, आपल्या दहापट मोठ्या कुत्र्याला आव्हान देणार. वळण लावलं नाही तर घर डोक्यावर घेणार.

आणि त्रासाचं म्हणाल तर... केस माणसासारखे वाढतच राहतात. रोज विंचरा, नाहीतर बारीक कापून टाका. आपल्या उन्हाळ्यात आणि चिखलात तेच बरं. श्वासनलिका नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीला बांधायचा हार्नेस हवा. दात लवकर किडतात, ते घासावे लागतात. पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून कोसळू शकतं. रेबीजची लस हवीच, आणि पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोचा धोका असतो, त्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारावं. तांबडा-पांढरा रस्सा कितीही प्रेमानं दिला तरी नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. आणि हे सगळं बारा-पंधरा वर्षं!

२००३ साली हचच्या जाहिरातीत पग दिसला आणि घरोघरी पग आले. चपट्या नाकाला आपला उन्हाळा सोसत नाही, हे अनेकांना नंतर कळलं. फोटो बघून कुत्रं घेतलं की असंच होतं.

माझं मत सरळ आहे. रोज तास-दीड तास देता येत असेल, तर यॉर्की जरूर घ्या, पण त्याला पळू द्या, हुंगू द्या, उकरू द्या. नुसता गोंडसपणा हवा असेल तर दुकानात कापडी कुत्री मिळतात. आणि फक्त माया करायची असेल, तर फौंड्रीच्या गेटवर गावठी पिल्लं आहेतच. त्यांना आपली हवा मानवते, आणि रात्रपाळीला वॉचमनच्या आधी तीच जागी असतात.