फावला वेळ : राज्य घेणं सोपं, पचवणं कठीण

मंडळी, गेल्या अंकानंतर दोन-तीन पालकांनी एकच विषय काढला. पोरं कॉम्प्युटरवर म्हणे राज्यं चालवतात. जेवायला हाका मारल्या तर "थांब गं आई, तह चाललाय" असं उत्तर येतं! हे आहे तरी काय? पोरांची तक्रार वेगळीच. त्यांचं म्हणणं, राज्य वाढतं छान, पण पन्नास वर्षांत बुडतं. तेव्हा आजचं सदर दोघांसाठी.

आमच्या जबल अलीच्या बिल्डिंगमध्ये सध्या चलती आहे ती 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागाची. स्वीडनच्या पॅरॅडॉक्स कंपनीने तो २०१३ साली काढला. २०२५च्या नोव्हेंबरात पाचवा भागही आला, पण मी लिहितोय ते चौथ्याबद्दल. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ला आणि संपतो १८२१च्या सुरुवातीला. सगळ्या जगाचा नकाशा समोर. हवं ते राज्य निवडा आणि पावणेचारशे वर्षं सांभाळा. नकाशावर मराठे शोधू नका, त्या साली ते नाहीतच. दख्खनवर बहमनी, खाली विजयनगर. मराठी संस्कृतीचं राज्य हाती घेऊन लागतील ते प्रांत जमवले, की मग 'मराठा' राज्य उभं करता येतं. साहजिकच आपली पोरं पहिल्याच दिवशी तिकडे धावतात.

नवख्याने तसं करू नये. पहिला डाव पोर्तुगालचा घ्यावा. कोपऱ्यातला देश, पाठीशी समुद्र, शेजारी एकच बलाढ्य कॅस्टिल, आणि त्याच्याशी दोस्ती केली की निवांत. मग जहाजं काढायची नि आफ्रिकेला वळसा घालून यायचं. (हेच पोर्तुगीज पुढे १५१०मध्ये गोव्यात आणि १५१५मध्ये इथे शेजारी होर्मुझला ठाण मांडून बसले, हे पोरांना अवश्य सांगा. आपल्या खिडकीतून दिसणारी कंटेनरची जहाजं त्याच वाटेने येतात.) आणि हो, स्पेसबार दाबला की काळ थांबतो. तो सारखा दाबावा. वेग वाढवून खेळण्यात काही मर्दुमकी नाही.

आता मुख्य गोष्ट. या खेळात लढाई जिंकणं फारसं अवघड नाही. घेतलेला मुलूख 'आपला' व्हायला मात्र वेळ लागतो, आणि कारभाराचे गुण खर्चावे लागतात. हे गुण पैशाने थेट विकत मिळत नाहीत. राजाची अक्कल आणि पगारी सल्लागार यांच्या जोरावर ते महिन्या-महिन्याला साठतात. न पचलेला मुलूख शंभर टक्क्यांपुढे गेला की बंडं सुरू होतात. म्हणून नवख्याने एक घास घ्यावा आणि तो पूर्ण गिळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. फौजेत भरती होणारी माणसंही संपतात. ती कोठी एकदा रिकामी झाली की भरायला दहा वर्षं जातात.

दुसरा आकडा याहून घातकी. तुम्ही जेवढं बळकावाल तेवढा शेजाऱ्यांच्या मनात राग साठतो. हा आकडा दाखवणारा नकाशा खेळात आहे, पण पोरं तो उघडतच नाहीत. रोष हद्दीबाहेर गेला की सगळे शेजारी एक आघाडी करून अंगावर येतात. आमच्या खालच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा दहा वर्षांत अर्धा दख्खन घेऊन बसला होता. एका संध्याकाळी जिन्यात गाठून मला म्हणाला, "काका, मी त्यांचं काहीच केलं नव्हतं, मग सगळे एकदम का आले?"

मी त्याला पानिपत सांगितलं. इथल्या शाळेच्या पुस्तकात ते आलं तर दोन ओळींत येतं. १७५८ साली आपली फौज लाहोर घेऊन अटकेपर्यंत गेली, पण मुलूख बसवायला ना माणसं होती ना पैसा. मोहिमेचा खर्चसुद्धा निघाला नाही, आणि पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. तिकडे राजपुतान्यात खंडणीचा तगादा चालूच. त्या तगाद्यापायी जयपूरच्या ईश्वरीसिंहाने १७५०च्या डिसेंबरात विष घेतलं आणि जानेवारीत जयपूरच्या लोकांनी शहरातल्या मराठ्यांची कत्तल केली. पुढे दहा वर्षांनी भाऊसाहेबांना मदत हवी होती तेव्हा राजपूत घरी बसले, सूरजमल जाट मधूनच परत फिरला आणि अयोध्येचा शुजा अब्दालीला मिळाला. १४ जानेवारी १७६१ला काय झालं ते आपण सारे जाणतो. आपण दुर्दैव म्हणतो, संक्रांत कोसळली म्हणतो, पण रोषाचा आकडा दहा वर्षं चढत होता! मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण तो नकाशा उघडला नाही." एवढं त्याला कळलं, आता चार तास वाया गेले म्हणून त्याच्या आईने रागावू नये असं माझं मत.

उलट उदाहरणही आपल्याच घरचं आहे. १६६५ साली मिर्झाराजे चालून आले तेव्हा महाराजांनी पुरंदरचा तह करून २३ किल्ले दिले आणि १२ राखले. पोरांना हे पटत नाही. खेळात हरू लागलं की ती शेवटच्या शिपायापर्यंत लढतात, नाहीतर डाव मोडून नवा मांडतात. तह करा, थोडं द्या, गाभा वाचवा. तहाची मुदत किमान पाच वर्षांची असते, तेवढ्यात कोठी बरीचशी भरते. महाराजांनीही १६७०मध्ये सिंहगडापासून सुरुवात करून गेलेलं परत मिळवायला घेतलं.

किल्ल्यांचं एक सांगायचं राहिलं. डोंगरात चढून येणाऱ्याच्या फाशांतून दोन वजा होतात, आणि किल्ला घेतल्याशिवाय शत्रूला पुढे सरकता येत नाही. म्हणून थोडेच किल्ले बांधावेत, पण डोंगरात. जावळी घेतली १६५६ला, तिथेच लगेच प्रतापगड बांधायला काढला, आणि अफझलखान आला १६५९ला. शांततेच्या काळात किल्ल्यांचा खर्च कमी करण्याचीही सोय आहे, मात्र युद्धाआधी तो पूर्ववत करायला विसरू नका.

व्यापाराबद्दल आज फार लिहीत नाही, जागा संपली. हिंदुस्थानचा माल होर्मुझ नि एडनच्या नाक्यांकडे सरकतो, तिथे आपला व्यापारी बसवला की पैसा येतो, इतकं तूर्त पुरे. पोर्तुगालचा डाव १५५०पर्यंत कर्ज न काढता कुणी नेला तर जरूर कळवा. मुलांनीच पत्र लिहावं, मराठीत. शुद्धलेखन तपासणार नाही.