कॉपी दोन ठिकाणी आहे, पण दुकान कुठून उघडणार?



बॅचमध्ये डेटाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, आमचं सगळं ऑटो सिंक आहे, टेन्शन नाही." बरं. मग मी विचारते, दुकानातला कॉम्प्युटर आत्ता बंद पडला तर पुढचं बिल कुठून काढणार? कोण काढणार? आणि त्या बिलावर नंबर कोणता टाकणार? इथे वर्ग शांत होतो. डेटा दुसरीकडे आहे एवढंच माहीत असतं, त्याच्यापुढचं काही ठरलेलं नसतं.

माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. छोट्या धंद्याने रिअल टाइम कॉपीवर एक रुपयासुद्धा घालण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. एक, कुठल्या वस्तू एकत्रच हलल्या पाहिजेत. दोन, "आता इकडून चालवा" हे कोण म्हणणार. हे लिहिलेलं नसेल तर महागातली सिस्टीमसुद्धा नुसती कॉपी काढत बसते.

ही कल्पना माझी नाही, मोठ्या सर्व्हरवाल्यांची आहे. क्लस्टर म्हणजे मिळून एकच काम करणारे सर्व्हर. एक पडला तर शेजारचा त्याचं काम उचलतो. पण अख्खी इमारतच गेली तर? म्हणून दुसऱ्या शहरात दुसरा क्लस्टर ठेवतात आणि डेटा सतत तिकडे पाठवत राहतात. याला म्हणतात रेप्लिकेशन. सन मायक्रोसिस्टिम्सच्या (ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली) सोलारिस क्लस्टरमध्ये जिओग्राफिक एडिशन नावाचा भाग होता. त्यात 'प्रोटेक्शन ग्रुप' बनवावा लागायचा. एखादं अ‍ॅप्लिकेशन आणि त्याला लागणारा डेटा यांची एकत्र मोट बांधायची आणि सांगायचं, हा गट आत्ता या शहरात 'प्रायमरी', त्या शहरात 'सेकंडरी'. हलवायचा तर पूर्ण गट हलवायचा. डेटा पुण्यात आणि अ‍ॅप्लिकेशन नागपुरात असला प्रकार चालत नाही.

मी इंजिनिअर नाही, बीबीए आहे. पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे डोकं एखाद्या दुकानदाराचंच असणार! आमच्या सांगलीत पाणी चढायला लागलं की जुने व्यापारी काय वर नेतात? उधारीची वही, गल्ला, देव. वही वर आणि गल्ल्याची किल्ली खाली, असं कोणी करत नाही.

त्या सॉफ्टवेअरमधला मला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. गट हलवायच्या दोन वेगळ्या आज्ञा होत्या. एक स्विचओव्हर. म्हणजे दोन्ही बाजू शाबूत आहेत, आपण ठरवून हलवतोय. इकडचं काम नीट थांबवायचं, डेटा सारखा झालाय हे बघायचं, मग तिकडे सुरू करायचं. दुसरी टेकओव्हर. म्हणजे पलीकडची बाजू हाकेला ओ देत नाही, थांबायला वेळ नाही, जे आपल्याकडे आहे त्यावर सुरू करा. यात शेवटचा थोडा डेटा जाऊ शकतो हे गृहीत धरलेलं असतं. आणि पलीकडचे ठोके थांबले म्हणून ते सॉफ्टवेअर स्वतःहून ताबा घ्यायचं नाही. कळवायचं, ई-मेल पाठवायचं. टेकओव्हरची आज्ञा माणसाने द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, हे तर मागासलेपण झालं, मशीनने आपोआप करायला पाहिजे. याचं उत्तर गिटहबकडे आहे. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात ती ही कंपनी. २१ ऑक्टोबर २०१८ ला देखभालीचं साधं काम चालू असताना त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधला संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने ठरवलं की पूर्वेकडचे डेटाबेस गेले, आणि मुख्य डेटाबेसचा मान पश्चिम किनाऱ्याकडे दिला. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. आता दोन्हीकडे असं काही आहे जे दुसरीकडे नाही, मग खरं कोण? हा गुंता सोडवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांची किंमत!

तंत्रज्ञ याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात, आपण एका म्यानात दोन तलवारी म्हणू. छोट्या दुकानात हे होत नाही असं समजू नका. माझ्या एका विद्यार्थ्याचं घरगुती फराळाचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर काउंटरवर, एक घरी, हिशेबाचं फोल्डर दोन्हीकडे सिंक. दिवाळीच्या गर्दीत दुकानातलं नेट गेलं. काउंटरवर बिलं निघत राहिली, घरून वहिनी ऑनलाइन ऑर्डरची बिलं काढत राहिल्या. संध्याकाळी नेट आलं तेव्हा फोल्डरमध्ये एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या, आणि एकाच नंबरची बिलं दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर सलग पाहिजे आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. सिंक व्यवस्थित चालू होतं बरं का. चूक सिंकची नव्हतीच. एका वेळी एकच प्रायमरी, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

याला उपाय फुकट आहे. दोन ठिकाणांहून बिल निघणारच असेल तर दोन मालिका ठेवा. दुकानाची वेगळी, घरची वेगळी, पुढे एखादं अक्षर लावून. नियमात हे बसतं, नंबर १६ अक्षरांच्या आत ठेवा म्हणजे झालं. आणि हिशेबाची मूळ फाइल एका वेळी एकाच मशीनवर उघडी.

दुसरा गैरसमज याहून मोठा. रेप्लिकेशन आहे म्हणजे बॅकअप आहे. अजिबात नाही! रेप्लिका आरशासारखी असते. तुम्ही इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. व्हायरसने इकडच्या फाइल कुलूपबंद केल्या की त्याच फाइल इमानदारीत तिकडेही पोचतात.

गिटलॅब नावाची तशाच कामाची दुसरी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली, म्हणून ती रिकामी करून नव्याने भरायचं ठरलं. रात्रीची वेळ, माणूस थकलेला. पुसायची आज्ञा दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर गेली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तरी सुमारे ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअपची आठवण झाली. रोजचा बॅकअप जिथे जाऊन पडायला हवा होता ती जागा रिकामी! आवृत्ती जुळत नसल्याने तो बॅकअप होतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ई-मेल कोणापर्यंत पोचत नव्हत्या. शेवटी वाचवलं ते सुमारे ६ तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. मधल्या ६ तासांतलं गेलं ते गेलंच. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

म्हणून माझं म्हणणं: एक काउंटर, एक कॉम्प्युटर असलेल्या दुकानाला रेप्लिकेशनची गरज नाही. रोज रात्री दुकान बंद करताना तारखेच्या नावाने एक प्रत काढा, जुनी न पुसता. शेवटच्या ३० दिवसांच्या प्रती राहू द्या. वर्षअखेरची प्रत वेगळी जपून ठेवा, कारण जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, तोही गेला. फ्रान्सचं कशाला, ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आमच्या पेठेत शिरलं तेव्हा हार्डडिस्क काउंटरच्याच ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांना विचारा.

आता गटाकडे येऊ, कारण खरी मेहनत इथे आहे. माझं दुकान शाळेच्या गणवेशाचं. जूनमध्ये दोन दिवस दुकान बंद राहिलं तर वर्षाची कमाई हलते. माझ्या गटात काय काय आहे? हिशेबाचा डेटा, हे सगळ्यांना सुचतं. ऑर्डरची वही, म्हणजे कुठल्या शाळेच्या कुठल्या मुलाचं माप काय आणि ॲडव्हान्स किती, ही रोज फोटो काढून. बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स कुठल्या ई-मेलवर आहे ते. जीएसटीचं लॉगिन. आणि ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो ते सिम!

या सिमवर थोडं थांबू. बँक त्याच्यावर, यूपीआय त्याच्यावर, जीएसटी त्याच्यावर, व्हॉट्सॲप बिझनेस त्याच्यावर. बहुतेकांच्या धंद्यात ते एकाच फोनमध्ये असतं आणि तो फोन दिवसभर काउंटरवर लोळत असतो. तुमचा डेटा चार ठिकाणी सुरक्षित असेल आणि हा फोन पाण्यात गेला असेल, तर डुप्लिकेट सिम मिळून चालू होईपर्यंत तुम्ही स्वतःच्याच धंद्याच्या दाराबाहेर उभे. ते सिम कोणाच्या नावावर आहे, हेसुद्धा आज बघा. माझ्या मागच्या बॅचमध्ये तिघांचं सिम जुन्या भागीदाराच्या किंवा दुरावलेल्या नातेवाइकाच्या नावावर निघालं. कुठलाही बॅकअप विकणारा तुम्हाला हा प्रश्न विचारणार नाही, कारण याची विक्री होत नाही.

मग उरतं कोण म्हणणार ते. २४ फेब्रुवारी २०२१ आठवतोय? शेअर बाजारात असाल तर आठवेल. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले ते दुपारी ३:४५ ला सुरू झाले, त्या दिवशी बाजार ५ पर्यंत चालवावा लागला. दुसऱ्या शहरातली पर्यायी यंत्रणा होती. सेबीने विचारलं तेही हेच, की तिकडे का गेला नाहीत? पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की ३० मिनिटांत 'डिझास्टर' जाहीर करा आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू करा. मला यातली ३० मिनिटं जास्त मोलाची वाटतात. माणूस वाट बघत राहतो ना, "येईल हो आत्ता लाइट", "मेकॅनिक निघालाय". त्या वाट बघण्यालाच मर्यादा घातली.

तुमच्या दुकानात ती मर्यादा तुम्ही ठरवा. माझ्याकडे एरवी एक तास, जूनमध्ये १५ मिनिटं. तेवढ्यात काउंटरचं मशीन सुरू झालं नाही तर घरचा लॅपटॉप प्रायमरी. हे मी म्हणायचं, मी गावात नसेन तर माझ्या दुकानातल्या ताईंनी म्हणायचं, मला फोन न करता. लॅपटॉप येईपर्यंत वेगळ्या मालिकेचं छापील बिलबुक ड्रॉवरमध्ये तयार असतं.

आणि सराव करा. २ मार्च २०२४ ला शनिवार असून बाजार थोडा वेळ उघडला होता. एक छोटं सत्र मुख्य ठिकाणाहून, दुसरं पर्यायी ठिकाणाहून, खऱ्या व्यवहारांसकट. एवढी मोठी संस्था सुट्टीच्या दिवशी येऊन रंगीत तालीम करते, तर आपण तीन महिन्यांतून एका मंदीच्या दुपारी काउंटरचं मशीन मुद्दाम बंद करून घरच्या लॅपटॉपवरून पाच बिलं काढायला काय हरकत आहे? पहिल्या वेळी प्रिंटर जोडला जात नाही, पासवर्ड आठवत नाही. ते सणाच्या दिवशी कळण्यापेक्षा मंगळवारी कळलेलं बरं.

एक गोष्ट राहिली, परतीची. दुरुस्त होऊन आलेल्या मशीनमध्ये जुना डेटा असतो, आणि तुम्ही चार दिवस लॅपटॉपवर नवा तयार केलेला असतो. ते मशीन आल्या आल्या नेटला जोडलं आणि सिंक चालू झालं, तर जुनं कुठे आणि नवं कुठे याचा पुन्हा गोंधळ. सर्व्हरवाले आधी नव्या प्रायमरीवरून जुन्याकडे डेटा भरतात, दोन्ही सारखे झाले की मगच स्विचओव्हर करून परततात. आपणही तसंच करायचं. मशीन आलं की नेट बंद ठेवून चालू करा, सिंक बंद करा, त्यातलं जुनं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवा, लॅपटॉपवरची ताजी प्रत पेनड्राइव्हने भरा आणि शेवटच्या बिलाचा नंबर दोन्हीकडे जुळवून बघा. जुळला की लॅपटॉपवरची बिलं थांबवा. पुढच्या व्हिडिओत हे स्क्रीनवर करून दाखवते. तोपर्यंत तुमच्या गटात काय काय आहे ते कमेंटमध्ये लिहा. फक्त पासवर्ड लिहू नका, मागच्या वेळी एकाने खरंच लिहिला होता.