२२.४ पाठ आहे, पण ‘आर’ समजला का?

वायूंच्या उष्मागतिकीचा धडा सुरू झाला की आमच्या वह्यांत आकड्यांची रांग उभी राहते: ८.३१४, ०.०८२१, १.९८७. वास्तविक हे एकाच ‘आर’चे तीन वेष; पहिला ज्यूलमधला, दुसरा लिटर-वातावरणातला, तिसरा कॅलरीतला. परंतु एककाकडे न पाहता आकडा उचलला, की उत्तर शंभरपट चुकते. त्यात अभियांत्रिकीचा मित्र हवेसाठी ‘आर’ २८७ सांगतो आणि वाद जुंपतो. ८.३१४ ला हवेच्या एका मोलच्या वस्तुमानाने, म्हणजे ०.०२८९७ किलोग्रॅमने भागा. २८७ च येतील. वाद संपला!

माझे म्हणणे एवढेच, की स्थिरांक पाठ करण्याआधी तो ‘स्थिर’ का, हे वर्गात विचारले जावे. आपल्या बेळगावचेच पाहा. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या या गावात दाबमापीतला पारा ७६ नव्हे, ६९-७० सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणून शून्य अंश सेल्सिअसला एक मोल वायू येथे २२.४ नव्हे, सुमारे साडेचोवीस लिटर जागा व्यापील. म्हणजे २२.४ हा आकडा परिस्थितीचा गुलाम. पण दाब व आकारमान यांच्या गुणाकाराला केवल तापमानाने भागले, तर मुंबईत काय, बेळगावात काय, हायड्रोजन असो की नायट्रोजन, वायू पुरेसा विरळ असला की उत्तर तेच. खरा स्थिरांक तो हा.

याच ‘आर’ला अ‍ॅव्होगाड्रो संख्येने भागले की एका रेणूच्या वाट्याचा बोल्ट्झमन स्थिरांक मिळतो. तापमान आणि ऊर्जा यांच्यातला तो जणू विनिमयाचा दर. पूर्वी पाण्याच्या त्रिक बिंदूवरून केल्विन ठरे आणि हा स्थिरांक मोजावा लागे. २० मे २०१९ पासून उलटे झाले: स्थिरांकाचे मूल्य नेमके ठरवून केल्विनची व्याख्या त्यावर बेतली गेली. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यामागे माणसांचा असा निर्णय उभा असतो, हे कितीजणांना ठाऊक आहे?

‘अभ्यासक्रम संपवायचा की हे शिकवायचे?’ असे प्राध्यापकमहाशय विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून सुचवावेसे वाटते: प्रश्नपत्रिकेत स्थिरांकांचा तक्ता छापून द्या आणि गुण आकड्याला नव्हे, योग्य एकक निवडून त्याचे कारण सांगण्याला ठेवा. घोकंपट्टी आपोआप थांबेल. घोकलेला आकडा परीक्षेनंतर विसरतो. समजलेला जन्मभर सोबत करतो.