सही कोणत्या भाषेत?

बँकेतल्या नोकरीत काही वर्षे नमुना सह्यांच्या कार्डांचे कपाट माझ्या ताब्यात होते. सोलापूर कळावे ते त्या कपाटात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सह्या आणि मग अंगठेच अंगठे. पूर्व भागातली, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी मागावर आलेली मंडळी तेलुगूत सही करीत.

एकदा तरुण कारकुनाने एका विडी कामगार बाईंची स्लिप परत केली. "सही आपल्या भाषेत करा." बाई गोंधळल्या. "ही आपलीच की हो साहेब," अस्सल सोलापुरी मराठीत म्हणाल्या. सही कार्डाशी जुळत होती. मी पैसे द्यायला लावले. कारकुनाला मात्र काही बोललो नाही. खरे सांगायचे तर 'आपली' या शब्दाचा माझ्याही मनातला अर्थ तोच होता.

आणि हे कोणत्या गावात? १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या गावात! १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे वाचा : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. देशाचे म्हणवून घ्यायला त्यांना आधी एका जातीचे, धर्माचे व्हावे लागले नाही. ज्यांच्या गड्ड्याला आपण सगळे जातो, त्या सिद्धरामेश्वरांची वचने तर कन्नडच आहेत.

एका राष्ट्राला एकच भाषा हवी, हा हट्ट पाकिस्तानने करून पाहिला. १९५२ मध्ये ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले. १९७१ मध्ये देशच फुटला.

बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावेत, असे आपण १९५६ पासून म्हणतो. मीही म्हणतो, आणि ते रास्तच आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट कर्नाटकाला द्यायला सांगितले, ते महाराष्ट्राने नाकारले. उत्तम. पण अक्कलकोट आमचे म्हणायचे आणि तिथल्या कन्नड शाळेकडे संशयाने पाहायचे, हा कुठला हिशेब? बँकेत असा ताळेबंद कुणी पास केला नसता.

त्या बाईंची मुलगी पुढे खाते उघडायला आली. तिने मराठीत सही केली. मला बरे वाटले. तेलुगूत केली असती तर तितकेच बरे वाटले असते का, हे मी अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही.