बाथरूमच्या टाइल्सचं ‘डीप क्लीनिंग’: डाग जातात, पण छातीचं काय?

घरी येऊन बाथरूम घासून देणारी सेवा काही वर्षांपूर्वीपर्यंत पुण्या-मुंबईची चैन समजली जायची. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्बन कंपनी शेअर बाजारात आली आणि या धंद्याचा आवाका सगळ्यांच्या लक्षात आला. लातूर, नांदेडसारख्या शहरांत हेच काम स्थानिक मंडळी करतात. व्हॉट्सॲपवर आधीचा काळपट आणि नंतरचा लखलखीत फोटो, सणाआधी सवलत आणि ‘तासाभरात बाथरूम नवं’ असा दावा. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा ऑक्सिजनवर असलेले आजोबा असतील, तर नातेवाईक विचारतात, हे करून घ्यावं का? करून घ्यायला हरकत नाही. पण फरशीवर काय ओतणार हे आधी विचारून घ्या, कारण आपल्या भागात ते बहुतेक वेळा ॲसिड असतं.

ॲसिडच का?

याचं मूळ पाण्यात आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते दिवस कोणी विसरलेलं नाही. मांजरा धरण आटलं की शहर बोअर आणि टँकरवर येतं, आणि एरवीही अनेक घरांत वापराचं पाणी बोअरचंच असतं. बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. असं जड पाणी फरशीवर वाळलं की पांढरा थर बसतो. साबणाबरोबर तो चिकट होतो, त्याला धूळ धरते आणि टाइल्सच्या सांध्यांत काळपट रेघ उमटते.

हा थर साध्या साबणाने निघत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की फसफसून लगेच निघतो, म्हणून ते लोकप्रिय. पण ही फसफस फक्त मळाची नसते. टाइल्सच्या सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटचं ग्राउटही कॅल्शियमचंच असतं, त्यामुळे ॲसिड थराबरोबर सांधाही खातं. आपल्याकडच्या जुन्या न्हाणीतली शहाबादी फरशी तर मुळात चुनखडीचा दगड आहे. वर्षातून तीन-चार वेळा ॲसिडवॉश केला की सांधा सच्छिद्र होतो, त्यात पाणी मुरतं आणि डाग आधीपेक्षा लवकर परत येतो. मग पुन्हा ॲसिड. रसायनांना दाद न देणारं इपॉक्सी ग्राउट मिळतं, पण ते महाग असतं आणि जुन्या घरांत क्वचितच दिसतं.

तो काळा डाग ‘ती’ काळी बुरशी नव्हे

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव पडलं आणि त्याची धास्ती अजून गेलेली नाही. जाहिरातीत ‘घातक काळी बुरशी’ हे शब्द वाचले की मधुमेह असलेल्या घरात लगेच फोन लावला जातो. बाथरूमच्या सांध्यातली काळी बुरशी वेगळ्या जातीची असते. म्युकरमायकोसिसचा धोका प्रामुख्याने अनियंत्रित साखर, स्टेरॉइडचा जास्त वापर आणि ढासळलेली प्रतिकारशक्ती यांमुळे वाढतो. टाइल घासून तो टळत नाही. त्यासाठी साखर आटोक्यात ठेवावी लागते.

म्हणून ओल चालेल असं मात्र नाही. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत खोकला, शिट्टीसारखा आवाज आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना हे जाणवतं. बुळबुळीत फरशीवर वयस्कर माणूस घसरून खुब्याचं हाड मोडतं, हाही धोका आहे, आणि माझ्या मते बुरशीपेक्षा मोठा. लातुरात शिकायला आलेल्या हजारो मुलांच्या होस्टेलमध्ये एक बाथरूम कितीतरी जण वापरतात. तिथे पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या ओल्या फरशीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. या सगळ्यांवर खरा उपाय कोरडेपणा आहे. अंघोळीनंतर वायपर ओढणं आणि झरोका उघडा ठेवणं, एवढ्याने जितका फरक पडतो तितका सहा महिन्यांतून एकदा केलेल्या डीप क्लीनिंगने पडत नाही.

बंद बाथरूममधला वायू

सगळ्यात गंभीर अपघात दोन बाटल्या एकत्र आल्यावर होतो. ॲसिडने पांढरा थर काढायचा आणि मग ‘जंतू मारायला’ ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण टाकायचं, असं अनेक जण करतात. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू तयार होतो. यासाठी खुलं ॲसिडच लागतं असं नाही. संडास साफ करण्याच्या अनेक तयार द्रवांतही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. झरोका छताजवळ, आणि घासणारा माणूस उकिडवा, म्हणजे तो थेट वायूतच बसलेला असतो. कोविडच्या काळापासून घरात पडून असलेला कापडी किंवा सर्जिकल मास्क हा वायू अडवत नाही.

डोळे चुरचुरणं, घसा धरणं, खोकल्याची उबळ ही पहिली लक्षणं. जास्त वायू आत गेला तर फुफ्फुसात पाणी साचू शकतं, आणि ते काही तासांनीही होऊ शकतं. आधी कधीच दमा नसलेल्या माणसाला अशा एकाच प्रसंगानंतर कित्येक महिने दम्यासारखा त्रास राहिल्याचं वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे.

रोजच्या थोड्या थोड्या संपर्काचं काय? नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक लोकांची फुफ्फुसं सुमारे वीस वर्षांत कशी बदलली ते पाहिलं. सफाईची कामं करणाऱ्या स्त्रियांची फुफ्फुसक्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटली होती. नोकरी म्हणून सफाई करणाऱ्यांची आणि स्वतःच्या घरात करणाऱ्यांचीही. पुरुषांत असा फरक दिसला नाही. यात दोष एकट्या ॲसिडचा असं सिद्ध होत नाही. पण आपल्याकडे बाथरूम घासण्याचं काम कोणाच्या वाट्याला येतं, हे सांगायला नको.

नियम कुठे आहेत?

घरी औषध फवारायला येणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. टाइल्स घासून देणाऱ्याला तसा खास परवाना नाही. ॲसिड विक्रीवर मात्र नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी, ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात, विक्रेत्याने खरेदीदाराचं नाव-पत्ता आणि कारण नोंदवावं, ओळखपत्र पाहावं आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही ॲसिड विकू नये, असा आदेश दिला. नियम मोडल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं, लेबल नसलेलं ॲसिड दारावर मिळतं. तीच बाटली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जाते आणि मग एखादं मूल किंवा तहानलेले आजोबा पाणी समजून घोट घेतात. वाचलेल्या रुग्णाची अन्ननलिका पुढे आकसते आणि ती पुनःपुन्हा रुंद करावी लागते.

सफाई करणाऱ्या मुलांचाही प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ॲपवर काम करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात जागा मिळाली. पण लातुरात हे काम बहुधा ॲपवर नव्हे, फोनवर ठरतं. हातमोजे, गॉगल, बूट द्यायचे की नाही हे ठेकेदाराच्या मर्जीवर राहतं. अनवाणी येणाऱ्या मुलाला ॲसिड ओतायला लावून तुमची फरशी स्वच्छ होत असेल, तर तो सौदा मला पटत नाही.

बोलवायचंच असेल तर

कोणतं रसायन वापरणार आणि मूळ लेबल असलेली बाटली दाखवणार का, हे फोनवरच विचारा. ‘आमचं स्पेशल लिक्विड आहे’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. नायलॉन ब्रश, डिटर्जंट आणि वाफेचं मशीन वापरणारा मिळाला तर उत्तम. नळावरच्या पांढऱ्या थराला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण पुरतं. ते शहाबादी किंवा संगमरवरावर मात्र नको, आणि ब्लीचबरोबर तर कधीच नको. सांधे पोकळ झाले असतील तर घासण्याचे पैसे वाचवा आणि मिस्त्रीकडून जुना सांधा खरवडून नवं ग्राउट भरून घ्या.

दमा, सीओपीडी किंवा हृदयविकाराचा रुग्ण आणि लहान मुलं यांनी त्या वेळी घरात थांबू नये. वास पूर्ण गेल्यावरच परत यावं. रुग्णाचा इनहेलर सोबत असू द्या. आणखी एक गोष्ट, खास आपल्या गावासाठी: ज्या दिवशी नळाला पाणी नाही त्या दिवशी हे काम काढू नका. अंगावर ॲसिड उडालं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी ओतावं लागतं. दोन-तीन बादल्या भरलेल्या नसतील तर ते जमणार नाही.

काही झालंच तर

वायूचा वास आला की सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावं. बाथरूममध्ये सामान आवरायला परत जाऊ नये. डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून पाणी सोडत राहा. त्वचेवर सोडा किंवा चुना लावू नका. कोणी ॲसिड प्यायलं असेल तर चूळ भरायला लावा, पण उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घ्या. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा रुग्णाला नेता येतं. वायू छातीत गेलेला माणूस तासाभरात बरा वाटू लागला तरी त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका. धाप वाढली, ओठ निळसर दिसले किंवा फेसाळ कफ येऊ लागला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.